माझाच फोटो असा कसा आला?

मामींचं म्हणणं असं, की मी हे मुद्दाम केलं. तासाभराच्या व्हिडिओत त्यांचे डोळे मिटलेले असतील ते मोजके क्षण, आणि त्यातलाच एक निवडून, कापून, जेपीजी करून मी सगळ्या घरादारापुढे मांडला. "बाकी कुणाचे बरे नाही मिटले ते!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आता साडेतीन-चार हजार व्हिडिओ समोर असलेला माणूस एकेक व्हिडिओ लावून मामींचे डोळे कधी मिटतात याची वाट बघत बसेल का? पण हा मुद्दा मला फोन ठेवल्यावर सुचला. माझे सगळे बिनतोड मुद्दे फोन ठेवल्यावरच सुचतात.

झालं एवढंच, की घरातल्या सगळ्यांचे व्हिडिओ एका हार्ड डिस्कवर गोळा झाले. कुणाच्या जुन्या कॅमेऱ्यातले, कुणाच्या एकामागोमाग बदललेल्या मोबाइलमधले. नावं म्हणाल तर आकड्यांची आगगाडी, नाहीतर 'फायनल', 'फायनल नवा', 'खरा फायनल'. नावावरून आत काय आहे ते कळेल तर शपथ. तेव्हा प्रत्येक व्हिडिओचं एक थंबनेल, म्हणजे आतलंच एक छोटं चित्र काढावं, म्हणजे न उघडता ओळखू येईल, असं ठरलं. ठरवणारे सगळे होते. काढणारा मी. "तुला येतं ना ते कॉम्प्युटरचं" या एका वाक्यावर आजवर माझ्या किती रात्री गेल्या, ते विचारू नका.

हत्यार चांगलं आहे. एफएफएमपेग नावाचा फुकट प्रोग्राम आहे, फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने २००० साली सुरू केलेला. खिडकी नाही, बटण नाही, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली चित्रं, त्यातल्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. मी पहिल्या फ्रेमपासून सुरुवात केली, कारण कुठून तरी सुरुवात करायला हवी. आणि नेमके तेव्हाच मामा आले.

मामांची सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून तपासायला हिशेब उरले नाहीत, म्हणून ते माणसं तपासतात. खुर्ची ओढून ते माझ्या उजव्या खांद्यामागे बसले. पडद्यावर एकेक थंबनेल उमटत होतं. काळं. काळं. काळं. पुन्हा काळं.

"हे सगळे रात्री काढलेत का रे?"

"नाही मामा. पुष्कळ व्हिडिओंची पहिली फ्रेम काळीच असते. चित्र नंतर उजळत येतं."

"मग पहिली घेतोस कशाला? बाराव्या मिनिटाची घे. बाराव्या मिनिटाला काहीतरी चाललेलं असतंच."

बाराव्या मिनिटाची मागितली. मशीन विचारात पडलं. पंखा घरघरायला लागला.

"एक फोटो काढायला एवढा वेळ?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं, हे कुणीही सांगेल. पण मामांना समजावून सांगण्याची खोड आमच्या घरात पिढीजात आहे. मी म्हणालो, "मामा, व्हिडिओत प्रत्येक फोटो अख्खा साठवलेला नसतो. एखादीच फ्रेम अख्खी असते, तिला की-फ्रेम म्हणतात. तिच्यानंतरच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहितात. भिंत तीच, पडदा तोच, मामींचा हात तेवढा वर गेला. त्यामुळे मधलीच एक फ्रेम हवी असेल, तर आधीच्या की-फ्रेमपासून सगळं जुळवत यावं लागतं."

मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे खतावणीसारखं! मागील पानावरून पुढे!"

"अगदी तसंच."

"ही पद्धत चांगली आहे. आणि अख्खी फ्रेम किती पानांनी येते?"

"ज्याने व्हिडिओ बनवला त्याच्यावर आहे. एक्स२६४ नावाचा एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आवळून साठवणारा प्रोग्राम आहे, त्याला काहीच सांगितलं नाही तर तो २५० फ्रेमपर्यंत जाऊ देतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दहा सेकंद."

"दहा सेकंद ताळाच घेत नाहीत?" मामा खुर्चीत पुढे सरकले. "बरं. पुढे."

पुढे काही नाही म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण म्हणालो, "आणि काही फ्रेम तर मागच्या पानावरून घेतातच, वर पुढच्या पानावरूनही घेतात. त्यांना बी-फ्रेम म्हणतात."

मामा काही वेळ माझ्याकडे नुसतं बघत राहिले.

"पुढच्या पानावरून?"

"हो."

"अरे, पुढचं पान अजून लिहिलंच नाही!"

"लिहिलेलं असतं. फाइलमध्ये पुढची फ्रेम आधी ठेवतात आणि मधल्या फ्रेम तिच्यानंतर. दाखवताना मात्र योग्य क्रमाने दाखवतात."

"म्हणजे नोंद आधी आणि व्यवहार नंतर." मामांनी चष्मा काढला. "याला आमच्यात काय म्हणतात माहितेय? अफरातफर म्हणतात. आणि बघणाऱ्याला हे दिसत नाही?"

"नाही. त्याला सगळं सुरळीत दिसतं."

"तेच तर! अफरातफर नेहमी सुरळीतच दिसते. कोण मंजूर करतं हे?"

"व्हिडिओ साठवण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे मामा. एच.२६४. २००३ सालचं. आयटीयू आणि आयएसओ या जागतिक संस्था, दोघांनी मिळून केलेलं."

"दोघांनी?" मामा जरा नरमले. दोन सह्या असलेल्या कागदापुढे ते आयुष्यभर नरमत आले आहेत. "मग ठीक आहे. पण माझ्या हातात आलं असतं तर मी शेरा मारला असता."

मग मी त्यांना दाखवलं, की हुकमात हवी ती वेळ फाइलच्या नावाआधी लिहिली, तर प्रोग्राम थेट जवळच्या की-फ्रेमवर उडी मारतो. तीच वेळ फाइलच्या नावानंतर लिहिली, तर तो पहिल्या फ्रेमपासून अख्खा व्हिडिओ उलगडत येतो आणि हवं ते सोडून बाकी सगळं टाकून देतो. उत्तर तेच, पहिल्याला निमिषभर, दुसऱ्याला युग. मामांना हे तात्काळ पटलं. "म्हणजे अर्ज तोच, रकाना वेगळा," ते म्हणाले. "यात चूक काही नाही. अर्जात क्रम बघतातच."

वेगाचा प्रश्न मिटला तरी कुठली फ्रेम, हा प्रश्न राहतोच. तासाभराच्या व्हिडिओत २५ च्या वेगाने ९० हजार फ्रेम असतात. (सिनेमाच्या २४ च्या वेगाने ८६,४०० होतात, म्हणजे दिवसाला जितके सेकंद, बरोबर तितक्याच. हा योगायोग मला फार आवडतो. तो ऐकून घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.) या ९० हजारांतून एक निवडायची. थंबनेल काढणारा एक तयार प्रोग्राम आहे, तो काही न सांगता व्हिडिओच्या दहा टक्क्यांवर जातो आणि तिथलं चित्र उचलतो. सिनेमाला हे चालतं, नावं संपून गोष्ट सुरू झालेली असते. घरगुती व्हिडिओत दहा टक्क्यांवर हमखास जमीन असते. कारण व्हिडिओ काढणाऱ्याने बटण दाबलेलं असतं आणि मग त्याला कुणीतरी हाक मारलेली असते. आमच्या नातेवाइकांच्या घरांतल्या फरशा आता मी अंधारातही ओळखीन.

म्हणून मी एफएफएमपेगमधलाच थंबनेल फिल्टर लावला. हा शहाणा मानतात. तो शंभर फ्रेमचा गट घेतो, प्रत्येकीतल्या रंगांचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठला रंग किती याची मोजणी, काढतो, सगळ्यांची सरासरी करतो आणि त्या सरासरीच्या सगळ्यात जवळची फ्रेम निवडतो. काळ्या फ्रेम, पांढरे झोत, मध्येच लेन्ससमोर आलेलं कुणाचं बोट, सगळं गळून जातं. राहतो तो नमुनेदार क्षण. फक्त त्याला डोळे म्हणजे काय ते माहीत नाही. १९२० गुणिले १०८० च्या चित्रात वीस लाखांवर ठिपके असतात, त्यात मागच्या रांगेत उभ्या असलेल्या मामींच्या डोळ्यांच्या वाट्याला शे-दोनशे आले तर खूप. ते मिटले काय नि उघडले काय, हिस्टोग्रामला पत्ताही लागत नाही.

शिवाय माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. एकेका मिटण्याला पाव सेकंद धरा. म्हणजे कुठलीही फ्रेम उचला, एका माणसाचे डोळे मिटलेले असण्याची शक्यता सहा ते आठ टक्के. चित्रात चौघं असतील तर साधारण चारातल्या एका चित्रात कुणीतरी झोपलेलं दिसणारच. हा हिशेब मी मामींना दुसऱ्या फोनवर सांगितला. रंगांच्या सरासरीचंही सांगितलं.

"म्हणजे मी सरासरी दिसते, असं म्हणायचंय तुला?"

यावर काय बोलायचं ते मला फोन ठेवल्यावरही सुचलं नाही.

हे सगळे फोटो फॅमिली ग्रुपवर गेले होते. एका पानावर कितीतरी चौकोन, असे तक्ते केले होते मी, की बघा आणि कुठला व्हिडिओ हवा ते सांगा. एकानेही व्हिडिओ मागितला नाही. आत्येभावाने विचारलं, माझं तोंड उघडं का? आत्याने विचारलं, मी पाठमोरी का? ज्या बहिणीने आयुष्यभर मोबाइल उभा धरून आडवी माणसं टिपली, तिने विचारलं, सगळे आडवे का झोपलेत? (मोबाइल चित्र आहे तसंच साठवतो आणि शेजारी एक चिठ्ठी ठेवतो, की दाखवताना फिरवून दाखवा. डिस्कवर येईपर्यंत ज्या प्रोग्रामांच्या हातून तिचे व्हिडिओ गेले, त्यातल्या कुणीतरी ती चिठ्ठी फेकून दिली होती.) ज्यांच्याकडे नवे फोन आहेत, त्यांचे चेहरे राखाडी आले. एचडीआरचा, म्हणजे जास्त उजेड-अंधार टिपणाऱ्या व्हिडिओचा झगमगाट साध्या जेपीजीत आणताना टोन मॅपिंग केलं नाही, म्हणजे तो साध्या चित्राच्या मापात बसवला नाही, तर रंग असे धुतल्यासारखे होतात. ते करून पुन्हा काढले, तर "आधीचेच बरे होते."

इतक्यात मामांचा फोटो आला. त्यांनी टीव्हीवर एक व्हिडिओ लावला होता, मामी हसतात तिथे थांबवला होता आणि मोबाइलने टीव्हीचा फोटो काढला होता. एका कोपऱ्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, मधोमध पॉजचं चिन्ह, खाली व्हिडिओची उरलेली वेळ, आणि काचेत खुद्द मामा, हात वर करून. ग्रुपवर हृदयांचा पाऊस पडला. मामींनी लिहिलं, "याला म्हणतात फोटो." कुणीतरी लिहिलं, "मामा, सगळे तुम्हीच करा ना." मामांनी हात जोडले.

एक व्हिडिओ! हजारोंतला एक! त्यावर एवढं कौतुक, आणि बाकीच्या हजारोंचं खापर माझ्यावर.

आता सुरुवात केलीच आहे तर बोलून टाकतो. हे व्हिडिओ कुणाला बघायचेच नाहीयेत. काढताना पुढे उभं राहून मागच्यांचं दिसणं बंद करायचं, हात दुखेपर्यंत मोबाइल धरायचा, बॅटरी संपेस्तोवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. (आणि ती मध्येच संपली की फाइलची अनुक्रमणिकाच लिहिली जात नाही, कारण ती शेवटी लिहायची असते. मग आत सगळं असूनही फाइल उघडत नाही आणि "तुझ्याकडे दिली तेव्हा चालत होती" हेही माझ्याच कपाळी.) नंतर नाव द्यायचं नाही, नको ते पुसायचं नाही, एकदाही पुन्हा लावायचं नाही. बघावं लागू नये म्हणून तर यांना थंबनेल हवं. आणि त्या न बघितलेल्या तासातला एक पंचविसांश सेकंद जरा वाकडा आला, की सगळे कुटुंबप्रमुख जागे.

परवा मी कामावरून येईपर्यंत मामा माझ्या मशीनवर बसून होते. "तुझं सगळं विस्कटलेलं होतं, लावून दिलं," म्हणाले. बघतो तर सगळ्या फाइल हलवून चार फोल्डर केलेले. 'घर', 'प्रवास', 'संकीर्ण' आणि 'इतर'. 'संकीर्ण'मध्ये जवळजवळ सगळं.

"मामा, संकीर्ण आणि इतर यांत फरक काय?"

"संकीर्ण म्हणजे ज्याचं काय करायचं ते कळत नाही. इतर म्हणजे जे संकीर्णमध्येही बसत नाही. ते जाऊ दे. हे चौकोन कोरे का झाले? सकाळपर्यंत तर चित्रं होती."

मी सांगितलं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये थंबनेल व्हिडिओच्या शेजारी राहत नाही, एका लपवलेल्या फोल्डरात राहतं. त्याचं नाव म्हणजे व्हिडिओच्या संपूर्ण पत्त्यावरून काढलेला बत्तीस अक्षरांचा सांकेतिक ठसा, त्याला एमडी५ म्हणतात. फाइल हलली की पत्ता बदलला, पत्ता बदलला की ते नाव बदललं, आणि जुनं थंबनेल तिथेच पडून असूनही कुणाला सापडत नाही. सगळी पुन्हा काढायची.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पत्ता बदलल्याचं कळवायची काही सोय नाही?"

"या फाइल मॅनेजरात तरी नाही."

"नमुना अर्ज वगैरे?"

"नाही मामा."

"मग चूक मशीनची," मामा म्हणाले आणि पुढच्या फाइली 'संकीर्ण'मधून 'इतर'मध्ये ओढायला लागले.