म्हणे आधी एसईलिनक्स बंद करा!

कुठल्याही सर्व्हर सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलेशन गाइड उघडा, सुरुवातीलाच फर्मान: 'एसईलिनक्स डिसेबल करा.' (एसईलिनक्स म्हणजे कुठल्या प्रोग्रामनं कशाला हात लावायचा हे ठरवणारी लिनक्सची सुरक्षा-यंत्रणा.) का? तर त्रास देतं. अरे, त्रास देणं हेच त्याचं काम! उद्या वेब सर्व्हरमध्ये भोक सापडलं, तरी आत घुसलेल्याला अख्ख्या मशीनभर हिंडता येऊ नये, एवढ्यासाठीच ते २००३ पासून लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, आहे.

आणि भानगड असते केवढीशी? कुणीतरी होम डिरेक्टरीतली फाइल 'एमव्ही' या हलवायच्या कमांडनं वेब फोल्डरमध्ये ढकलतो. एसईलिनक्सनं तिला लावलेलं जुनं लेबल फाइलबरोबरच येतं, सर्व्हर ४०३ ('प्रवेश नाही') फेकतो. मग पठ्ठ्या मारतो सीएचमॉड ७७७, म्हणजे फाइल सगळ्यांना सताड खुली! (देवा!) तरी हललं नाही की 'सेटएन्फोर्स ०', म्हणजे एसईलिनक्सची सक्तीच बंद. ऑडिट लॉगमध्ये ढळढळीत लिहिलेलं असतं, कुठल्या प्रोसेसला कुठल्या लेबलची फाइल नाकारली. वाचतंय कोण? एक 'रिस्टोरकॉन' चालवून लेबल नव्या जागेप्रमाणे केलं की काम फत्ते.

त्याहून डोक्यात जातात ते 'ऑडिट२अलाउ'वाले. लॉगमधला प्रत्येक नकार त्या टूलनं डोळे झाकून परवानगीत बदलायचा आणि वर 'पॉलिसी लिहिली' म्हणून मिरवायचं. आणि 'तात्पुरतं बंद केलंय' म्हणणाऱ्यांपैकी ते परत चालू करणारा मला अजून भेटायचाय.