ठाण्यात दुकान काढू इच्छिणाऱ्यांसाठी

ठाण्यात स्वतःचे काहीतरी सुरू करावे, हा विचार ज्या दिवशी मनात येतो तो दिवस बहुधा सोमवार असतो आणि स्थळ सकाळच्या फास्ट लोकलचा दरवाजा. डबा एका हातात आणि दांडा दुसऱ्या हातात असताना आपण ठरवता की नोकरी सोडायची आणि घरगुती फराळाचे दुकान काढायचे. घरच्या चकलीची तारीफ मुलुंडचे नातेवाईकही करतात, तेव्हा भांडवलाचा मुख्य प्रश्न सुटलेलाच आहे. निर्णय उत्तम आहे. तो घाईने अमलात आणून वाया घालवू नये, एवढीच कळकळीची विनंती.

सुरुवात नावापासून करावी. त्यासाठी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मत मागवावे, म्हणजे आजीचे नाव द्यायचे तर कोणत्या बाजूच्या आजीचे, या मुद्द्यावर एक महिना सहज निघून जातो. शेवटी काहीतरी इंग्रजी नाव ठरते आणि त्याचे बारीक, तिरप्या अक्षरांतले बोधचिन्ह भाच्याकडून करून घेतले जाते. मग कोणीतरी आठवण करून देतो की 2022 च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानालाही मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. आता ते इंग्रजी नाव देवनागरीत ठळकपणे वाचले की कानाला कसेसेच होते, आणि आजीचा प्रश्न पुन्हा सन्मानाने चर्चेला घेता येतो.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मन घट्ट करावे लागेल, कारण येथे सरकारने आपली फार मोठी निराशा केलेली आहे. 1948 चा जुना दुकाने कायदा असता तर गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकानाच्या परवान्यासाठी, खेटे घालत असल्याचे सांगून दोन उन्हाळे काढता आले असते. परंतु 2017 च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीतून सोडवले आणि केवळ ऑनलाइन सूचना पुरेशी ठरवली. लहान उद्योगांसाठीची ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी 1 जुलै 2020 पासून आधार क्रमांकावर, घरबसल्या आणि, लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, फुकट होते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर जीएसटीची नोंदणीही साधारणपणे सक्तीची नसते. ज्या माणसाला वर्षभर चारचौघांत ‘परवान्यांत अडकलोय’ असे सांगायचे आहे, त्याने करायचे काय?

याला दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे एजंट. स्टेशनजवळच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात, मागच्या बाजूला, असा सद्गृहस्थ बसलेला असतो आणि फुकट होणारी नोंदणी तो दोन हजारांत करून देतो. वर ती किती अवघड होती हे समजावून सांगतो, ते निराळेच. प्रस्तुत लेखकाने स्वतः असे पैसे मोजलेले आहेत आणि पावती मागण्याचा उद्धटपणा केलेला नाही. दुसरा उपाय अधिक दूरदृष्टीचा आहे. सक्ती नसतानाही जीएसटी क्रमांक आधीच घेऊन ठेवावा, कारण एकदा तो घेतला की शून्य विक्रीचेसुद्धा विवरणपत्र भरावे लागते आणि ते राहिले की विलंब शुल्क लागते. अशा रीतीने एकही चकली न विकता आपण देशाच्या महसुलात भर घालू शकता.

जागा निवडताना गिऱ्हाईक कोठे आहे हे पाहण्याची घाई करू नये. जांभळी नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि राम मारुती रोडवर दिवाळीच्या आठवड्यात माणसे माणसांना ढकलत चालतात. इतक्या गर्दीत आपल्या ब्रँडची ओळख कशी ठसणार? त्यापेक्षा घोडबंदर रोडला आतल्या बाजूच्या एखाद्या नव्या टॉवरखालचा गाळा पाहावा, जिथे वर निम्म्या खिडक्यांत अजून दिवा लागत नाही. मेट्रो सुरू झाली की इथे बघा, असे दलाल सांगेल. त्या मेट्रोच्या भरवशावर त्या रस्त्याला कित्येक वर्षे फ्लॅट विकले गेले, मग आपली चकली विकली जायला काय हरकत आहे?

भाडेकरार करताना सोसायटीतले एक काका येऊन सांगतील की अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. असे काका प्रत्येक सोसायटीत असतात. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार, मुदत अकरा महिन्यांची असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, हे आपण वाचलेले असले तरी काकांना बोलून दाखवू नये. तेच आपले पहिले गिऱ्हाईक असणार आहेत, निदान उधारीचे.

हिशेबाचे फार मनावर घेऊ नये. भाजणीचा भाव, तेलाचा डबा, सिलिंडर आणि मदतनीस बाईंची मजुरी मांडून एका किलोमागे नेमके काय सुटते हे काढायला एक संध्याकाळ पुरते, आणि उत्तर आवडेलच असे नाही. म्हणून त्या संध्याकाळी व्हिजिटिंग कार्डाचा कागद निवडावा.

सर्व तयारी झाल्यावर मुहूर्त. आपल्याकडे ते साडेतीन आहेत आणि सुदैवाने एकही सोयीचा नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास मुलांच्या परीक्षा असतात. अक्षय्य तृतीयेला निम्मे ठाणे कोकणात आणि उरलेले आंब्याच्या पेटीभोवती असते. दसऱ्याला सुताराने शब्द दिलेला असतो, त्यामुळे फर्निचर अर्धे असते. राहिली बलिप्रतिपदा, परंतु त्या दिवसापर्यंत घरोघरचा फराळ अर्धा संपलेला आणि उरलेला शेजाऱ्यांच्या ताटांतून परत आलेला असतो. फराळाचे दुकान अशा दिवशी कोण उघडेल? पुढच्या पाडव्याला पाहू, असे जाहीर करून टाकावे.

त्याच दिवाळीत एके सकाळी गावदेवी मैदानाच्या बाजूला एक बाई स्टीलचे दोन डबे आणि तागडी घेऊन बसलेली आपल्याला दिसेल. पाटी नाही, कार्ड नाही, बोधचिन्ह नाही. तिच्याभोवती आठ-दहा माणसे उभी असतील आणि एक डबा अकरा वाजायच्या आत रिकामा झालेला असेल. आपण थांबून, या क्षेत्रातील जाणकाराच्या आपुलकीने, पॅकेजिंगबद्दल तिचा काय विचार आहे असे विचारावे. ती म्हणेल, “दादा, सुट्टे असतील तर द्या.” अर्धा किलो चकली घेऊन घरी यावे, ती सर्वांनी मिळून दुपारच्या चहाबरोबर संपवावी, ‘आपल्या चकलीची सर नाही’ असे एकमताने ठरवावे, आणि झालेला खर्च एक्सेलमध्ये ‘बाजारपेठ संशोधन’ या रकान्यात लिहून ठेवावा.