वीरपत्नीचं दुसरं लग्न आणि तो फिरणारा मेसेज

जुलै 2024 पासून एक मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो आहे. त्याचा गाभा असा: जवान धारातीर्थी पडतो, सगळा पैसा आणि पदक बायको घेऊन जाते, वर्ष-दोन वर्षांत दुसरं लग्न करते, आणि म्हातारे आई-वडील उघड्यावर पडतात. म्हणून दुसरं लग्न केलं की तिची पेन्शन बंद करा. निमित्त होतं सियाचीनमधल्या आगीत सहकाऱ्यांना वाचवताना गेलेल्या एका तरुण अधिकाऱ्याचं. त्याला मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं आणि लगेच घरातला वाद टीव्हीवर आला. त्या घरात काय घडलं याचा निवाडा करणारी मी कोणी नाही. पण त्या एका घराच्या आडून देशातल्या प्रत्येक वीरपत्नीवर जे बोललं जातंय, त्याला उत्तर द्यायलाच हवं.

“सगळा पैसा बायकोला जातो.” नाही जात. सैन्याच्या गट विम्याची रक्कम कोणाला किती टक्के द्यायची हे जवान स्वतः लिहून देतो. त्यात आई-वडिलांचं नाव घालायला त्याला कोणी अडवत नाही. केंद्राचं सानुग्रह अनुदान वेगळं. सातव्या वेतन आयोगानंतर ते मृत्यू कोणत्या परिस्थितीत झाला त्यानुसार 25 लाखांपासून 45 लाखांपर्यंत आहे. राज्यांची मदत आणखी वेगळी, आणि काही राज्यं ती पत्नी व आई-वडिलांत वाटूनच देतात. जवानाच्या स्वतःच्या नावावर घर, जमीन, ठेवी असतील आणि त्याने मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार त्याची आई ही पत्नी आणि मुलांच्या बरोबरीची, पहिल्या वर्गातली वारस असते. नियमाने पत्नीकडे जाते ती मुख्यतः पेन्शन. लढाईत किंवा दहशतवाद्यांशी चकमकीत मृत्यू झाला असेल तर ती शेवटच्या पगाराइतकी असते.

पदकाचं म्हणाल, तर ज्या सोहळ्यावरून हे सगळं सुरू झालं, त्यात राष्ट्रपती भवनात ते कीर्तिचक्र पत्नी आणि आई या दोघींनी मिळून स्वीकारलं होतं. तो फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच फोटोखाली त्या मुलीबद्दल इतकं घाणेरडं लिहिलं गेलं की राष्ट्रीय महिला आयोगाला दखल घ्यावी लागली आणि दिल्लीत गुन्हा नोंदवावा लागला. ही आपली हुतात्म्याच्या घराबद्दलची आस्था.

आता मुख्य मागणी, पेन्शन बंद करण्याची. मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं की सरकारने पुनर्विवाहाचा विचारच केलेला नाही. केलेला आहे. तिने दुसरं लग्न केलं आणि पहिल्या पतीच्या मुलांना सांभाळत राहिली, तर पूर्ण पेन्शन सुरू राहते. मुलांना सांभाळलं नाही, तर तिचा हिस्सा साध्या कुटुंब निवृत्तिवेतनावर येतो, म्हणजे पगाराच्या 30 टक्क्यांवर, आणि मुलांचा हिस्सा मुलांना मिळतो. मूल नसेल आणि ती सासू-सासऱ्यांना सांभाळत असेल, तरी पूर्ण पेन्शन राहते, आणि सांभाळत नसेल तर तिथेही ती कमी होते. म्हणजे आई-वडिलांचा प्रश्न नियमात आहे. तो नीट अमलात येत नसेल तर अंमलबजावणीबद्दल बोला. तिने कोणाशी संसार मांडला, यावर शिक्षा कशासाठी?

आणि अशी शिक्षा आपण देऊन पाहिलेली आहे. शौर्यपदकासोबत दरमहा भत्ता मिळतो, 2017 च्या दराने कीर्तिचक्राला 9,000 रुपये. हा भत्ता विधवेला पुनर्विवाहापर्यंतच मिळायचा. अपवाद एकच होता: तिने मयत पतीच्या भावाशी लग्न केलं तर भत्ता चालू. ही अट नोव्हेंबर 2017 मध्ये संरक्षण मंत्रालयाने काढली, तोपर्यंत ती सरकारी कागदावर होती. नीट विचार करा, दिराशी लग्न केल्याने पहिल्या पतीची आठवण जास्त जपली जाते का? लग्न तर तेही दुसरंच. फरक एवढाच की बाई आणि पैसा दोन्ही त्याच घरात राहतात. पेन्शन बंद करा म्हणणाऱ्यांनी ही अट आठवावी, कारण त्यांची मागणी मान्य झाली तर दबाव पुन्हा तिथेच येईल. नवरा जाऊन तेरावा उरकला नाही तोवर घरात दिराचं नाव काढलं जातं, तो वयाने लहान असो की तिच्या मनाविरुद्ध असो. पोटापाण्याची भीती असेल तर नाही म्हणण्याची ताकद कुठून आणायची? कारगिलच्या युद्धात आपले 527 जवान गेले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या बायका तेव्हा जेमतेम विशीत होत्या. पुढची पन्नास वर्षं त्यांनी काय करायचं हे गावाने आणि भावकीने ठरवायचं, ही कल्पना मला सहन होत नाही.

“दुसरं लग्न हा हुतात्म्याचा अपमान आहे.” यावर मी जास्त बोलणार नाही. पत्नी मागे राहिली आणि पती गेला, यात तिने कोणताही करार मोडलेला नाही. स्वाती महाडिक यांनी पतीच्या बलिदानानंतर 2017 मध्ये सैन्यात अधिकारीपद मिळवलं, महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. पण ती कठीण वाट त्यांनी स्वतः निवडली होती. बारावीनंतर लग्न झालेल्या, कडेवर दीड वर्षाचं पोर असलेल्या मुलीला ती वाट मोकळी नसते. तिला आधार, सोबत आणि पोराला बापाची माया हवी असेल, तर त्यात उणं काही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. सैनिकांच्या गावांनी तर यात पुढे असायला हवं.

राहिले आई-वडील. त्यांचं दुःख खोटं नाही. ज्याच्या पगारावर घर चालायचं तो गेला, सून आणि नातवंडंही दुरावली, तर त्या म्हातारपणाला काय उरतं? त्यांच्यासाठी पत्नीच्या पेन्शनला धक्का न लावता स्वतंत्र दरमहा रक्कम मागा, मी पहिली सही करीन. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वीरमाता आणि वीरपिता यांची अडचण ऐकून घ्यायला वेगळा माणूस मागा. सुट्टीवर आलेल्या मुलाला लग्नानंतर विम्याचा नामांकन अर्ज नव्याने भरायला सांगा, आणि तो आई, बाबा, बायको सगळ्यांना समोर बसवून भरायला सांगा. त्यात आई-वडिलांचा हिस्सा लिहिलेला असला तर सुनेने पुढे कोणाशी लग्न केलं, यावर त्यांचं औषधपाणी अवलंबून राहत नाही.