दोष बरणीतल्या मेंदूचा नव्हता

१९३१ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'बद्दल एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: एका वेड्या शास्त्रज्ञाने देवाच्या कामात हात घातला. त्याच्या इगोर नावाच्या कुबड्या मदतनिसाने चुकून गुन्हेगाराचा मेंदू आणला, त्यामुळे राक्षस जन्मतःच खुनी निघाला आणि त्याने एका चिमुरडीलाही निर्दयपणे बुडवून मारलं. शेवटी शास्त्रज्ञाला त्याच्या पापाचं फळ मिळालं. मेरी शेलीलाही आपल्या कादंबरीतून हेच सांगायचं होतं. थोडक्यात काय, तर प्रयोग फसला आणि अनर्थ ओढवला.

चित्रपट सव्वा तासाचाही नाही. तो नीट पाहिला तरी यातली बरीचशी विधानं गळून पडतात. जी अर्धवट खरी आहेत, त्यांचंही श्रेय देऊन टाकतो.

इगोरचं आधी उरकून घेऊ. या चित्रपटात इगोर नाहीच. ड्वाइट फ्रायने रंगवलेल्या मदतनिसाचं नाव फ्रिट्झ. 'इगोर' आला १९३९ च्या 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये, बेला लुगोसीच्या रूपात. तो फासावरून वाचलेला, मोडक्या मानेचा माणूस आहे आणि प्रयोगशाळेतला नोकर तर मुळीच नाही. पुढच्या विडंबनांनी दोघांची खिचडी केली. चूक किरकोळ आहे, पण मजकूर लिहिणाऱ्याने चित्रपट पाहून लिहिलंय की ऐकून, याचा अंदाज तेवढ्यावरून येतो.

आता मेंदू. हा दाव्याचा कणा आहे आणि वरवर पाहता भक्कमही. प्राध्यापक वाल्डमन वर्गात दोन बरण्या दाखवतात, एकीत निरोगी मेंदू, दुसरीत गुन्हेगाराचा. रात्री फ्रिट्झ चोरी करायला शिरतो, अचानक झालेल्या आवाजाने दचकतो, चांगली बरणी हातातून निसटून फुटते आणि तो दुसरी उचलून पळतो. इथवर मजकूर बरोबर आहे. पण पुढे काय दिसतं?

वाल्डमन त्या शास्त्रज्ञाला, हेन्री फ्रँकेन्स्टाइनला, सांगतात की तुझ्याकडे आलेला मेंदू गुन्हेगाराचा होता. हेन्रीचा चेहरा क्षणभर पडतो, मग तो म्हणतो की शेवटी तो मृत पेशींचा गोळाच ना. थोड्या वेळाने तो बजावतो की याला जन्मून थोडेच दिवस झालेत, आजवर याला अंधारात ठेवलंय, जरा उजेडात येऊ द्या. आणि लगेच 'तो', म्हणजे राक्षस, येतो. पाठमोरा, दारातून मागे मागे पावलं टाकत. मग वळतो, आणि राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफचा तो चेहरा दोन-तीन झटक्यांत जवळ येत जातो. घाबरवायचं काम एवढ्यात संपतं. पुढच्या मिनिटभरात दिग्दर्शक जेम्स व्हेल जे दाखवतो, ते या मजकुरात औषधालाही नाही. हेन्री 'बस' म्हणतो, तो बसतो. हेन्री छताची झडप उघडतो, वरून उजेड पडतो. तो मान वर करतो, उठून उभा राहतो आणि दोन्ही हात उजेडाकडे उचलतो, जणू तो धरता येईल. झडप बंद होते. तो रिकामे हात हेन्रीपुढे पसरतो. जन्मतः खुनी माणसाची ओळख करून द्यायची अशी पद्धत असते का?

मग फ्रिट्झ जळता पलिता घेऊन घुसतो आणि सगळं बिघडतं. तो आगीला घाबरून हात-पाय झाडतो, त्याला हल्लेखोर ठरवून आवळतात आणि तळघरात साखळदंडाने बांधतात. तिथे फ्रिट्झ त्याला चाबकाने मारतो, तोंडापुढे पलिता नाचवतो. पहिला खून या फ्रिट्झचा. दुसरा वाल्डमन यांचा, आणि तो केव्हा, तर सुया टोचून बेशुद्ध केलेल्या त्या जिवंत देहाची चिरफाड करायला ते हत्यारं मांडून बसलेले असताना. गंमत म्हणजे संयमाचे धडे देणारे गृहस्थ हेच! एक छळणारा, एक चिरणारा. यात मेंदूच्या वळ्यांचा पुरावा कुठे शोधायचा?

वाल्डमन यांचं बरणीवरचं व्याख्यान हा त्या काळात हवेत असलेल्या एका शास्त्राचा प्रतिध्वनी आहे. इटलीच्या चेझारे लाँब्रोझोने १८७६ मध्ये 'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना मांडली होती. कवटीच्या, चेहऱ्याच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो म्हणे. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंगने हजारो कैद्यांची मापं घेऊन १९१३ मध्ये दाखवून दिलं की असा वेगळा शारीरिक साचा सापडत नाही. म्हणजे चित्रपट येण्याआधीच त्या सिद्धान्ताचा पाया खचला होता, पण लोकांच्या मनातून तो गेला नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये 'अपात्र' ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याला मान्यता दिली होती. बरणीवरची चिठ्ठी प्रेक्षकाला पटायला हे वातावरण पुरेसं होतं. पटकथेने ती चिठ्ठी डकवली आणि व्हेल-कार्लॉफ जोडीने अभिनयातून ती फाडली, असं माझं मत आहे.

एक प्रसंग मात्र माझ्या बाजूने बसत नाही, तो लपवत नाही. हेन्रीच्या लग्नाच्या दिवशी तो नवरीच्या, एलिझाबेथच्या, खोलीत शिरतो. तिने त्याचं काहीच बिघडवलेलं नसतं. ती वाचते, पण प्रसंग निव्वळ दहशतीचा आहे. कादंबरीत लग्नाच्या रात्री तो तिला ठार करतो आणि त्याला सूडाचं स्पष्ट कारण असतं. चित्रपटाने त्याची वाचा काढून घेतली, कारण गाळलं आणि धक्का तेवढा ठेवला. ही पटकथेची ढिलाई आहे.

आता ती चिमुरडी. तळ्याकाठी मारिया त्याला न घाबरता हात धरून बसवते, फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यावर टाकतात, फुलं तरंगतात आणि तो हसतो. अख्ख्या चित्रपटात त्याला आनंद झालेला दिसतो तो इथेच. फुलं संपतात. तो रिकाम्या तळव्यांकडे पाहतो, मग मारियाकडे, आणि तीही तरंगेल अशा समजुतीने तिला उचलून पाण्यात टाकतो. ती वर येत नाही तेव्हा त्याची जी तारांबळ उडते, ती पाहून 'निर्दयपणे' हा शब्द लिहिणं अवघड आहे.

मग ही समजूत आली कुठून? कात्रीमुळे. सेन्सॉरने हा प्रसंग कापला आणि अनेक वर्षं प्रेक्षकांना तो मारियाकडे हात पुढे करतो एवढंच दिसत राहिलं. पुढे थेट बाप तिचं कलेवर घेऊन गावात येतो. मधल्या रिकाम्या जागेत लोकांनी वाटेल ते भरलं, आणि जे भरलं ते मूळ दृश्यापेक्षा कितीतरी किळसवाणं होतं. कापलेला भाग १९८० च्या दशकात परत जोडला गेला, तरी जुनी समजूत चिकटून राहिली.

'देवाच्या कामात हात' या मुद्द्यात तथ्य आहे. सुरुवातीलाच वाल्डमन झालेला नट एडवर्ड व्हॅन स्लोन पडद्यापुढे येऊन बजावतो की देवाला विचारात न घेता माणूस घडवू पाहणाऱ्याची ही गोष्ट आहे. देह हलताच 'तो जिवंत आहे' असं ओरडणारा हेन्री पुढे म्हणतो की देव असणं काय असतं ते आता मला कळलं. हे वाक्यही नंतरच्या प्रतींत मेघगर्जनेखाली दाबून टाकलं होतं. पण प्रास्ताविक काय बजावतं आणि कथा काय दाखवते, यात फरक आहे. प्रयोग फसलाच नाही. देह उठला, चालला, सांगितलेलं ऐकू लागला. फसलं ते त्यानंतरचं सगळं. हेन्री थकून कोसळतो, बाप त्याला घरी नेतो, लग्नाची तयारी सुरू होते, आणि ज्याला त्याने जन्म दिला त्याची विल्हेवाट वाल्डमनवर सोपवली जाते. याला मी ज्ञानाचा अतिरेक म्हणणार नाही, ही सरळ जबाबदारी झटकणं आहे.

आणि पापाचं फळ? शेवटी राक्षसाने पवनचक्कीवरून फेकलेला हेन्री पात्यावर अडकतो आणि वाचतो. शेवटच्या दृश्यात त्याचा बाप, म्हातारा बॅरन, घराण्याच्या वंशवाढीसाठी पेला उंचावतो. पेटत्या पवनचक्कीत अडकतो तो दुसराच. फळ कुणाला मिळालं हे पडद्यावर ढळढळीत दिसतं.

राहता राहिली मेरी शेली. चित्रपट तिच्या कादंबरीवरून सरळ घेतलेला नाही. मध्ये पेगी वेबलिंगचं नाटक आहे. १८१८ च्या कादंबरीत मेंदूची बरणी नाही, मदतनीस नाही, वादळी रात्री छतावर चढवलेला पलंगही नाही. नोव्हेंबरची पावसाळी रात्र आहे आणि जीव कसा फुंकला ते व्हिक्टर, म्हणजे कादंबरीतला शास्त्रज्ञ, मुद्दाम सांगत नाही. त्या जिवाने डोळे उघडताच व्हिक्टर स्वतःच्या निर्मितीपासून पळ काढतो, आणि कादंबरीभर तो जीव याच एका गोष्टीचा जाब मागत राहतो. तो जीव कवी मिल्टन वाचतो, अस्खलित बोलतो. एका प्रसंगी तो बुडणाऱ्या मुलीला पाण्यातून बाहेर काढतो आणि बदल्यात बंदुकीची गोळी खातो. तळ्याचा प्रसंग यासमोर ठेवून पाहावा. १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मेरीने निर्मात्याची नक्कल करू पाहण्याच्या भयंकरतेबद्दल लिहिलं आहे, हे खरं. पण कादंबरीचा गाभा त्याग केलेल्या जिवाची तक्रार हाच आहे.

मेंदूच नियती असता, तर व्हेललाच १९३५ चा 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' करता आला नसता. देह तोच आणि मेंदूही तोच. सुरुवातीला तो पुन्हा जीव घेतो, त्यात मारियाचे आईबापही आले. पण रानातला एक आंधळा संन्यासी त्याला घरात घेतो, खाऊ घालतो, व्हायोलिन ऐकवतो, तेव्हा तो रडतो आणि बोलायला शिकतो. बंदूकधारी दारात येईपर्यंत त्या झोपडीत कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही.