म्युलर म्हणजे गिरणीवाला, मोक्ष-बिक्ष काही नाही

काकांनी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. एरवी मी अंगठा दाखवून पुढे जाते, पण ह्यावेळी भाचीने तो उचलून जर्मनच्या क्लासमधल्या प्रेझेंटेशनमध्ये घातला, टीचरने सगळ्यांसमोर विचारलं हे कुठून आणलंस, आणि पोरगी रडत घरी आली. म्हणून हे लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा: जर्मनीतलं सगळ्यात कॉमन आडनाव म्युलर हे संस्कृत 'मूल'वरून आलं, मॅक्स म्हणजे मोक्ष, जर्मनी म्हणजे शर्मन लोकांचा देश, खुद्द मॅक्स म्युलरने, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन संस्कृत पंडिताने, हे पुस्तकावर छापून कबूल केलंय आणि जगातले सगळे म्युलर एकाच ऋषिकुळातले. खाली अर्थातच 'इंग्रजांनी लपवलेला इतिहास, फॉरवर्ड करा'.

छापलंय हे खरं, मान्य. १८४९ ते १८७४ मध्ये त्याने ऋग्वेद सायणभाष्यासकट सहा खंडांत काढला आणि संस्कृत मुखपृष्ठावर स्वतःला 'मोक्षमूलरभट्ट' म्हणवून घेतलं. पण काका, पुढचं-मागचं पण वाचा ना! तिथेच तो 'शार्मण्यदेशजात', म्हणजे जर्मनीत जन्मलेला, आणि 'गोतीर्थनिवासी' असंही लिहितो. गोतीर्थ म्हणजे ऑक्सफर्ड. ऑक्स म्हणजे बैल, फर्ड म्हणजे नदीचा उतार, झालं गोतीर्थ. परक्या नावाला संस्कृत धोतर नेसवायची गंमत आहे ती, कबुलीजबाब नाही. तो पुरावा धरायचा तर ऑक्सफर्डलाही गाईंचं तीर्थक्षेत्र म्हणा आणि पुढच्या वर्षी बस काढा.

मॅक्सचं तर अजूनच सोपं. वेबर नावाच्या संगीतकाराच्या ऑपेरातल्या नायकावरून ते नाव ठेवलं, वेबर त्याचा गॉडफादर होता. पुढे म्युलर इतके झाले होते की ओळखू यावं म्हणून ह्याने मॅक्स आडनावालाच जोडून टाकलं.

आता मूळ मुद्दा. म्युलर म्हणजे पाणचक्की चालवणारा, दळून देणारा. डूडेन ह्या नावाजलेल्या जर्मन कोशमालेतला आडनावांचा कोश उघडा, व्यवसायावरून पडलेलं नाव असंच दिलंय. शब्द लॅटिन 'मोलिना' म्हणजे चक्की, त्यावरून आलेला, पाणचक्कीसोबत रोमनांकडून घेतलेला. उत्तरेत त्याचंच म्योलर होतं, डच लोकांत मुल्डर, हंगेरीत मोल्नार. सगळे गिरणीवाले.

एकच ऋषिकुळ ह्यावर मात्र मला हसावं का रडावं कळेना. तिकडे साधारण बाराव्या शतकापासून आधी शहरांत आणि मग हळूहळू खेड्यांत आडनावं पक्की होत गेली, आणि गावोगाव चक्की होती, म्हणून गावोगाव एक म्युलर झाला, एकमेकांशी काही संबंध नसलेला. आपल्याकडचे सगळे कुलकर्णी एका घरातले आहेत का? आणि ऋषी वगैरे सोडाच, गिरणीवाला पीठ मारतो असा संशय इतका पक्का होता की कित्येक ठिकाणी कारागिरांच्या संघात त्याच्या पोराला घेत नसत, सोळाव्या शतकात तिकडच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या कायद्यात लिहावं लागलं की बाबांनो हे पण इभ्रतीचे लोक आहेत.

आणि आडनाव एकदा चिकटलं की धंद्याशी संबंध उरत नाही. मॅक्सचे आजोबा जर्मनीतल्या देसाऊ गावात शिंपी होते, आडनाव गिरणीवाला! वडील विल्हेल्म कवी, आणि ह्या शिंप्याच्या मुलाने कविता कशावर लिहिल्या तर गिरणीत कामाला लागलेला पोरगा आणि गिरणीवाल्याची पोरगी ह्यांच्यावर. संगीतकार शूबर्टने १८२३ मध्ये, म्हणजे मॅक्स जन्मला त्याच वर्षी, त्यांना चाली लावल्या. आपल्या आडनावाचा अर्थ त्या घरात चांगलाच माहीत होता.

शर्मनबद्दल जास्त लिहीत नाही. जर्मानिया हे रोमनांनी ठेवलेलं नाव, ते लोक स्वतः डॉइचलांड म्हणतात.

संस्कृतशी नातं हवंच असेल तर ते आहे, जर्मन आणि संस्कृत एकाच मोठ्या भाषाकुळातल्या आहेत, पण काकांनी चुकीच्या घराची कडी वाजवली. पाणचक्की यायच्या आधी जर्मन लोकांचा हाताच्या जात्याला स्वतःचा शब्द होता, 'क्विर्न', आणि तो ऋग्वेदातल्या 'ग्रावन्'चा, म्हणजे सोम ठेचायच्या दगडाचा, सख्खा चुलतभाऊ. ही स्लाइड भाचीने आता घातलीय. काकांनी मेसेज अजून डिलीट केलेला नाही.