म्हाताऱ्या माणसाचा नंबर शेवटी का?

आज संध्याकाळी जिन्यात शेजारच्या काकूंची मुलगी भेटली. सकाळी नेलेला चहा थर्मासमधून तसाच परत आला होता. ८३ वर्षांच्या काकू काल रात्री बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. आज ऑपरेशन होणार म्हणून पहाटेपासून त्यांना पाण्याचा थेंबही दिला नाही, आणि साडेसहाला सांगितले की लिस्ट लांबली, उद्या पाहू. ती शांतपणे सांगत होती, पण मला तिथेच पायरीवर बसावे लागले, कारण असाच एक दिवस मी माझ्या आईच्या उशाशी काढला आहे.

आई नौपाड्यातल्या घरी पडली तेव्हा ८१ वर्षांची होती. शुक्रवारी दुपारी तिला दाखल केले आणि शनिवारच्या लिस्टमध्ये तिचा नंबर पाचवा लागला. लिस्टमध्ये तिच्या आधी असलेल्यांपैकी दोन शस्त्रक्रिया तर गुडघा बदलण्याच्या, म्हणजे महिन्याभरापूर्वी तारीख ठरवून घेतलेल्या होत्या. त्या वॉर्डाला खिडकी नव्हती. मी ओल्या कापसाने तिचे ओठ टिपत बसले होते, आणि दुपारी तीन वाजता तिने मला विचारले, "अक्का, दिवे लागले का गं?" अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, तिला जाऊन तेव्हा २२ वर्षे झाली होती. रात्री पावणेअकराला आईला आत नेले.

डॉक्टर या भ्रमाला डेलिरियम म्हणतात. वेदना, उपासमार, शरीरातले कमी झालेले पाणी आणि मोडलेली झोप यांनी तो बळावतो. भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते, हे भूलतज्ज्ञांच्याच नियमांत आहे. तरीही पाचव्या नंबरच्या रुग्णालाही पहिल्या नंबरच्या रुग्णाबरोबरच उपाशी ठेवले जाते, याचा मला आजही संताप येतो.

शस्त्रक्रिया रात्री करावी की दिवसा, असे लोक विचारतात. रात्री केली म्हणून मृत्यू वाढतातच, असे सगळे अभ्यास सांगत नाहीत, हे मान्य. अपघाताचा रुग्ण किंवा अडलेली बाळंतीण आली तर ऑपरेशन थिएटर आधी त्यांना मिळाले पाहिजे, हेही मान्य. पण उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०११ मध्येच सांगितले आहे की खुब्याची शस्त्रक्रिया दाखल झालेल्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, ठरलेल्या लिस्टमध्ये आणि अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावी. मध्यरात्री दमलेल्या हातांनी घाई करा, असे कोणीच म्हणत नाही. सकाळी आठ वाजता, सगळे ताजेतवाने असताना, पहिला नंबर खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला द्या, एवढेच माझे मागणे आहे. हृदयाची इको तपासणी करायला किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा विचार करायला वेळ लागला तर मी तोंड उघडणार नाही, पण आईचे चार तास विमा कंपनीच्या कॅशलेस मंजुरीची वाट पाहण्यात गेले, ते मी विसरणार नाही.

२०२० मध्ये भारतासह १७ देशांतल्या, खुबा मोडलेल्या सुमारे तीन हजार रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांवर निदानानंतर साधारण सहा तासांत आणि बाकीच्यांवर साधारण चोवीस तासांत शस्त्रक्रिया झाली. लवकर केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, हे मला कबूल करावे लागते. परंतु भ्रम कमी झाला आणि माणसे लवकर उभी राहिली. ज्याने आपल्या आईला आपल्याला ओळखताना चाचपडताना पाहिले आहे, त्याला तेवढेही पुष्कळ आहे.

आईचे ऑपरेशन करणारे डॉक्टर मध्यरात्रीनंतर बाहेर आले आणि भिंतीला टेकूनच माझ्याशी बोलले. ते सकाळपासून उभे होते. त्यांच्यावर माझा राग तेव्हाही नव्हता, आजही नाही. तिचा नंबर त्यांनी तरी कुठे ठरवला होता? आई वॉकर धरून पुन्हा चालायला लागली, पण दिवेलागणीला तिला अक्का दिसायची, ती पुढे तीन आठवडे.

आत्ताच काकूंच्या मुलीला फोन केला. उद्या कितवा नंबर आहे आणि पाणी किती वाजेपर्यंत द्यायचे, हे सिस्टरकडून आजच लिहून घे, असे तिला सांगितले आहे. सकाळी सातला मीही तिथे जाणार आहे.