राजा घाबरला तर बिघडलं काय?

आज डोकं फिरलंय. लिहून मोकळी झाले नाही तर झोप लागायची नाही, म्हणून बसलेय. लांब होईल, सवडीनं वाचा.

आपल्या बेळगाव सीमाभागातल्या एका गावच्या साहित्य संमेलनाला शाळेतली काही मुलं घेऊन गेले होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण राग गावावर नाही. वर्गणी काढून मांडव घातलेला, सकाळी टाळमृदंगाच्या गजरात ग्रंथदिंडी, दुपारी आलेल्या प्रत्येकाला पंगत. आपली ही छोटी छोटी गावं वर्षानुवर्षं हे करत आलीत, त्याला तोड नाही. राग आहे तो बालसाहित्याच्या सत्रात माईक धरून बसलेल्या एका पाहुण्यांवर.

माझी नववीतली एक मुलगी सातवीत असल्यापासून कादंबरी लिहितेय. दोनशे पानी वह्यांत, निळ्या पेननं, समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या. पहिल्या पानावर स्केचपेननं काढलेला नकाशा आहे. सात घाट, एक नदी, मधोमध गड. खालून धुक्याचं सैन्य चढून येतंय, आणि ते धुकं ज्या गावावरनं जातं तिथली माणसं आपापली नावं विसरतात. तरुण राजा सातही घाट राखतोय आणि पाऊस काही थांबत नाही. राजाचं नाव मी इथं सांगत नाही, पुस्तक येईल तेव्हा वाचा.

आज तिनं वाचलं ते असं. सहावा घाट पडल्याची बातमी येते त्या रात्री राजा घाबरतो. कुणाला न सांगता चोरदिंडीतनं एकटाच खाली उतरतो. जंगलात एक गवळीवाडा लागतो. तिथली म्हातारी त्याला ओळखत नाही. तिची म्हैस अडलेली असते, आणि ती त्याला कंदील धरायला लावते. मग कंदील खाली ठेवून रेडकाचे पाय धरून ओढायला लावते. वाड्यावरची बोली वेगळी. राजाला निम्मं कळतं, निम्मं कळत नाही, तरी रेडकू बाहेर येतं. उजाडताना म्हातारी त्याला वाटीभर आंबील देते, आणि तो परत गड चढायला लागतो.

नववीतली मुलगी आहे हो! माझ्या अंगावर काटा आला.

आणि पाहुणे काय म्हणाले? "बाळ, राजाच लिहायचा तर आपले राजे काय कमी आहेत? हा काल्पनिक राजा कशाला? आणि राजा भिऊन गड सोडतो असं लिहू नये. चुकीचे संस्कार होतात." मांडवात टाळ्या पडल्या. मी उठून उभी राहिले, तर पुढच्या सत्राची वेळ झाली म्हणून माईक पलीकडं गेला. पोरीनं वही पिशवीत घातली, वरनं डबा ठेवला. येताना खानापूरच्या बसमध्ये बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "टीचर, राजाला गडावरच ठेवू काय? म्हैस काढून टाकतो."

ती म्हैस काढून टाकायला तयार झाली, याचा मला संताप आलाय.

माझं लहानपण बेळगावच्या शहापुरातलं. दिवाळीत गल्लीगल्लीत किल्ले व्हायचे, अजून होतात. लाल माती, चिखलात बुडवलेली पोती, कुंभाराकडचे मावळे, उतारावर पेरलेली मोहरी. प्रत्येक किल्ल्यापुढं पाटी असायची, रायगड, प्रतापगड, राजगड. एका वर्षी आमच्या दादानं ठरवलं की आपला गड कुठलाच नाही, आपला आपण करायचा. राजाही आपलाच. लोक थांबून विचारायचे, "कुठला गड रे हा?" दादा म्हणायचा, "आमचा." काही जण हसले, काहींनी तोंड वाकडं केलं. आज्जी मात्र पायरीवर सुपारी कातरत बसलेली होती, तिनं गड नीट न्याहाळला आणि विचारलं, "राजा ऱ्हाऊ दे गा. वर पाणी कुठनं आणतासा?"

आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. रायगड केला असता तर हा प्रश्न आलाच नसता. रायगडावर गंगासागर आहेच, चित्रात बघायचा आणि निळा कागद लावायचा. इथं आमच्या गडाला पाणी नव्हतं, कारण आम्हीच दिलं नव्हतं. मग करवंटीनं टाकं खणलं.

पुढं कॉलेजात रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरचा जुना ग्रंथ, वाचायला मिळालं. दुर्गांच्या प्रकरणात अमात्य सांगतात की आधी पाणी बघावं आणि मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून गडाला पुरतील अशी टाकी, तळी करावीत. आज्जी शाळेत गेली नव्हती. चूल, विहीर आणि दहा माणसांचं घर एवढ्यावर तिला हे कळलेलं होतं.

काल्पनिक राजा लिहायचा म्हणजे हेच करावं लागतं. काहीच आयतं मिळत नाही. पाणी तुम्हाला शोधायचं, धान्य तुम्हाला भरायचं, वेशी तुम्हाला राखायच्या. त्या पोरीनं सातही घाटांवर किती पहारेकरी, त्यांची पाळी कधी बदलते, ओल्या लाकडानं आग पेटत नाही तर धुराची खूण कशी करायची, हे सगळं वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलंय. हे काम बघून कुणाला "काल्पनिक कशाला" म्हणावंसं वाटतं तरी कसं?

आणि भिऊन गड सोडण्याबद्दल. अहो, १६६० सालचा पन्हाळा विसरलात? सिद्दी जौहरचा वेढा, भर जुलैचा पाऊस, आणि महाराज रात्रीत गडाबाहेर पडून विशाळगडाकडं निघाले. पालखीत महाराजांच्या वेषात बसलेला शिवा काशीद मेला. मागं घोडखिंडीत बाजीप्रभू मेले. आपण शाळेत हे छाती फुगवून शिकवतो. त्या रात्री राजानं गड सोडला म्हणून राज्य राहिलं. १६६५ ला पुरंदरच्या तहात २३ किल्ले देऊन टाकले आणि १२ राखले. राज्य राखणं म्हणजे छातीचा कोट करून बुरुजावर उभं राहणं एवढंच असतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? त्या राजाच्या पोटात त्या रात्री काय झालं असेल, हे आपण कधी विचारत नाही. विचारायची सोयच ठेवलेली नाही.

खरं दुखणं इथं आहे. आपल्याकडं पुतळा कुठं बसवायचा, पाटीवर अक्षरं कुठली, मिरवणूक कुठल्या रस्त्यानं, यावरनं माणसं रस्त्यावर येतात. खऱ्या राजाबद्दल एक साधा प्रश्न विचारला तर मांडव तापतो, मग तो राजा कुणाचाही असो. लहान मुलांनी प्रश्न विचारायचे तरी कुणाला? म्हणून ही पोर आपला राजा करते, त्याला घाबरवते, त्याला चुकवते, आणि मग तो परत गड का चढतो हे शोधत बसते. ते शोधायला तिला जागा हवी. तेवढी पण द्यायची नाही?

हो, इतिहास वाचलाच पाहिजे, त्यात दोन मतं नाहीत. आणि मोबाईलवरच्या मालिका बघून मुलं ड्रॅगन उचलतात हेही खरं, हिच्या पहिल्या वहीत एक आहेच. असू दे. दुसऱ्या वहीत तो आपोआप गेलाय, त्याच्या जागी घाट आलाय, धुकं आलंय, गवळीवाडा आलाय. कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं चार दिवस अंगावर घेतलाय त्याला कळेल की हे धुकं तिनं कुठनं आणलं. तिथंच मलप्रभा उगम पावते, तिथंच समोरचा माणूस दिसेनासा होतो.

पाहुण्यांना आणखी एक सांगायचं राहिलं, ते इथं सांगते. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'मोचनगड', १८७१ साली 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून आलेली. लिहिणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर. जन्म १८४३, गाव जांबोटी. आपलं जांबोटी! खानापूर तालुका! त्या कादंबरीत काळ शिवरायांचा आहे, पण कथा आणि माणसं गुंजीकरांनी मनानं रचलेली. त्याच्याही आधी १८६१ ची 'मुक्तामाला' आणि १८६८ ची 'मंजुघोषा' या अद्भुतरम्य कादंबऱ्या मराठी माणसानं आवडीनं वाचल्या होत्या. म्हणजे मनातला गड बांधायची आपली परंपरा दीडशे वर्षांची आहे, आणि ती आपल्याच तालुक्यातल्या माणसानं पुढं नेली. आता त्याच तालुक्यातल्या मुलीला सांगायचं की असलं लिहू नको?

आज्जीचा दुसरा प्रश्न दुसऱ्या दिवशी आला होता. "एवढी माणसं वर ठेवलायसा, खातील काय?" मग काड्यापेट्यांची कोठारं झाली. आणि तिसरा प्रश्न आला तेव्हा दादा चिडलाच. आज्जी म्हणाली, "वेढा पडला की खालच्या गावातल्या बायकापोरांनी कुठं जायचं?" गडाचा दरवाजा आम्ही ऐटीत मागच्या कड्यावर केलेला. गावातनं तिथं पोचायला वाटच नव्हती. दादा पाय आपटत आत गेला, जेवून आला, आणि अर्धा गड पाडून दरवाजा गावाच्या बाजूला आणला. परीक्षक आले तेव्हा माती ओली होती, रंग लागलेला नव्हता. नंबर आला नाही. दादा आता पुण्यात आहे, पन्नाशी ओलांडलीय. अजून दिवाळीला फोनवर तो दरवाजा निघतोच.

मला विचाराल तर राजा आपलं राज्य राखतो या गोष्टीत खरा प्रश्न आज्जीचाच आहे. तट पडला, राजा गेला, तर खालच्यांचं काय? आपल्या नंदगडला जा. कित्तूरचा किल्ला डिसेंबर १८२४ मध्ये पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे मारला गेला होता, केवढा विजय तो, आणि दोन महिन्यांत सगळं गेलं. राणी चन्नम्मा बैलहोंगलला कैदेत, १८२९ ला तिथंच गेल्या. मग राज्य राखायला उरलं कोण? संगोळ्ळीचा रायण्णा, एक शेतसनदी, म्हणजे जमिनीच्या बदल्यात शिपाईगिरी करणारा. ना गड, ना खजिना. गावागावातली माणसं बरोबर घेऊन लढला आणि २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी गेला. त्याची भाषा कन्नड होती म्हणून आमच्या घरात त्याची गोष्ट कुणी कमी आदरानं सांगितली नाही. पोरीच्या कादंबरीतल्या सातव्या घाटावर शेवटी राजा नाहीच. तिथं गवळीवाड्यावरची माणसं उभी आहेत. हे तिला कुणी शिकवलं नाही. नंदगडच्या रस्त्यानं रोज शाळेला येते ती.

बघा, लिहिता लिहिता राग थोडा उतरला. पाहुणे वाईट माणूस नसावेत. पोरीच्या पाठीवर थाप मारून गेले, अक्षर चांगलं आहे म्हणाले. त्यांच्या पिढीनं भाषेसाठी लाठ्या खाल्ल्या, शाळा टिकवल्या, आणि हातातलं सुटू नये म्हणून जे आहे ते घट्ट धरून ठेवायची सवय लागली, हे मी समजू शकते. पण भाषा राखायची कुणासाठी? ह्या पोरीसाठीच ना? इथं पुढं मराठीचं काय होणार म्हणून आपण दर संमेलनात गळे काढतो. आणि एक मुलगी अभ्यास सांभाळून, घरची गुरं सांभाळून, मराठीत हजारेक पानं लिहायला निघालीय, तर तिला पहिल्याच मांडवात गप्प बसवतो. मला हे सहन होत नाही. होणारही नाही.

बसमध्ये मी तिला सांगितलं, म्हैस काढायची नाही. राजा घाबरू दे, चांगला घाबरू दे. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, मग तो परत आल्यावर पहारेकरी त्याला आत घेतील काय? मी म्हटलं, ते तूच ठरव. खानापूर येईस्तोवर ती त्याच्यावरच बोलत होती.

आता काम सांगते. तिसऱ्या वहीत वेढा पडलाय आणि पोरीचं एका जागी अडलंय. गडावरच्या कोठारात भात किती वर्षं टिकतो, नाचणा किती वर्षं टिकतो, आणि पावसाळ्यात तट्ट्याची कणगी बरी की जमिनीतलं पेव, हे तिला पक्कं हवंय. त्यावरनं वेढा किती महिने चालवायचा ते ठरणार आहे. खानापूर, चंदगड, जांबोटीकडच्या लोकांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून खाली लिहा. कणगी शेणानं आतनं सारवतात की बाहेरनं, तेही सांगा. उद्या मधल्या सुट्टीत मी तिला वाचून दाखवणार आहे.